चौथ्या वळणावरचं पाणी

माझ्या कँटीनची खिडकी थेट चौथ्या वळणावर उघडते. त्यामुळे आमच्या मोटरसायकल शर्यतींच्या ट्रॅकवर कोण पडलं, कोणी कुणाला आडवी गाडी घातली आणि कोण उगीच लंगडतंय, हे पंचांच्या आधी मला कळतं. लोकांना वाटतं बेव चिप्स तळतेय. तळतेच मी, पण त्याला डोळे लागत नाहीत.

तर त्या वर्षी माझ्या खिडकीतून धूळ यायला लागली. ही धूळ येते कुठून, याच्या मागे लागले म्हणून पुढचं सगळं मला कळलं. नाहीतर माझा भाऊ ग्रेम आपण होऊन काही सांगेल, हे विसरा. त्याच्या तोंडातून शब्द काढायचा तर सांडशी घेऊन बसावं लागतं.

ग्रेम आमच्या वॅरूना क्लबचा ट्रॅकवाला. शनिवारी माती सारखी करून दाबायची, रविवारी सकाळी टँकरने पाणी मारायचं, मग दर थोड्या शर्यतींनंतर पुन्हा मारायचं. आमचे वडील हेच करायचे, ते गेल्यावर हा करायला लागला. पगार नाही. दुपारचा चहा आणि अंडं-बेकन घातलेला पाव माझ्याकडून, तेवढीच कमाई. पाणी मारण्यात काय एवढं, असं नव्या माणसाला वाटतं. अहो, मातीच्या ट्रॅकवर अर्धी शर्यत पाण्याचीच असते. ओल असेल तिथे मागचं चाक माती धरून राहतं. कोरडं पडलं की सांडलेल्या वाटाण्यांवरून गाडी चालवल्यासारखं होतं.

ब्रिन त्याची मुलगी. सतरा वर्षांची, अंगाने काडी, एका जागी बसणं ठाऊक नाही. तिची आई ट्रेसी तीन वर्षांपूर्वी टॅलबीला राहायला गेली. भांडण नाही, आदळआपट नाही. जाताना मला एवढंच म्हणाली, "बेव, मी एकटीच बोलून बोलून थकले गं." ब्रिन मात्र बापाजवळ राहिली. मोटरसायकल इथे होती, ट्रॅक इथे होता, आणि खरं सांगू का, बापावर जीवही होता.

मोटरसायकल त्यानेच आणून दिलेली, कुणाचीतरी वापरलेली. देताना म्हणतो कसा, "तुला जरा मोठीच झाली बहुतेक." नेमकी बसली. त्याचं हे नेहमीचंच. रविवारी जेवताना ब्रिनच्या बशीत मांसावर ग्रेव्ही घालेल आणि विचारेल, "जास्त झाली का?" बशीत बघावं तर जेमतेम बटाटा भिजलेला. दुसऱ्याला द्यायचं तर हा सढळ हाताने देईल. स्वतःच्या माणसाला काही दिलं की लगेच याच्या मनात येतं, जास्तच झालं, आता लोक काय म्हणतील.

लहानपणापासून असाच. आमच्या घरामागे आम्ही क्रिकेट खेळायचो, शेजारची नॉस्केंची पोरं आणि आम्ही. ग्रेम अंपायर. एकदा चेंडू माझ्या पायाला लागला, त्यांनी अपील केलं, याने बोट वर केलं. आधी बॅटला लागला होता तो. आवाज आला होता, स्पष्ट. पण मी पडले बहीण. बहिणीला नाबाद दिलं तर नॉस्के काय म्हणतील? गेले मी बॅट टाकून. नातवंडं झाली मला, तरी आजही सांगते, मी आउट नव्हते.

असो. ब्रिनचा तो पहिलाच सीझन, एप्रिल ते ऑक्टोबर, महिन्यातून दोन रविवार. पहिल्या रविवारी ट्रॅक सगळीकडून छान ओला होता. सगळी पोरं आतली बाजू धरून, गवताला चिकटून चाललेली, आणि ही बया बाहेरून, कुंपणाला खेटून. रस्ता लांबचा, पण वेग मोडत नाही. डावा पाय खाली, बुटाखालची लोखंडी पट्टी मातीवर खरडत, गाडी अशी आडवी केलेली की माझा झारा तेलातच राहिला. चौघांना मागे टाकून दुसरी आली. हेल्मेट काढलं तर दात सगळे बाहेर.

त्यानंतर कँटीनसमोर रांग लागली. रांगेत रसेल नॉस्के, त्याच पोरांपैकी एक, आता टक्कल पडलेला. त्याचा मुलगा कोबी ब्रिनच्याच गटात खेळतो. रसेल चिप्सवर सॉस ओतत म्हणाला, "काय बेव, बापाच्या हातात टँकर, मग पोरगी नंबरात यायचीच की. कुंपणाकडे कसं प्रेमाने शिंपडलंय."

चार जण हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू. रसेल म्हणजे तोंडाला कुलूप नसलेला माणूस, त्याचं काय मनावर घ्यायचं. पण ग्रेम त्याच्या मागे दोन माणसं सोडून उभा होता. त्याने चहा घेतला आणि साखर न घालताच निघून गेला.

मे महिन्यात धूळ सुरू झाली. सॉसच्या बाटल्यांवर धूळ, पावांवर धूळ, माझ्या चष्म्यावर धूळ. मी खिडकीतून ओरडले, "ग्रेम, चिप्सना काय मीठ कमी पडलं म्हणून माती पाठवतोस का? कुंपणाकडे पाणी मार की."

"यंदा पाणी जपून वापरायचंय," तो म्हणाला.

क्लबचा तलाव काठोकाठ भरला होता. बदकं पोहत होती त्यात.

मग मी नीट लक्ष ठेवलं. टँकर आतल्या बाजूने दोनदा गेला, मधून एकदा गेला, आणि कुंपणाकडे वळला तसा ग्रेमने नळ बंद केला. चक्क बंद. टँकर कोरडाच फिरवला, लांबून बघणाऱ्याला वाटावं मारलं बरं का पाणी. माझ्या डोक्यात प्रकाश पडायला एवढं पुरे होतं. अंपायरने पुन्हा बोट वर केलं होतं.

त्या दिवशी ब्रिन सहावी आली. पुढच्या वेळी पडली, कोपर सोलून निघालं. मग सातवी. बाहेर गेली की चाक सुटायचं, आत शिरावं तर तिथे आधीच पाच जणांची गर्दी. गाडीत दोष असेल म्हणून तिने टायर बदलून बघितला, हँडल वाकवून बघितलं, साखळीचं चक्र बदललं. माझ्याकडे यायची ती खोक्यावर बसायची, गुडघा नुसता शिवणयंत्रासारखा हलत असायचा. चिप्स दिल्या तर एक खायची आणि बाकीच्या बोटाने इकडून तिकडे सरकवत बसायची. मग उठायची, परत जायची, परत यायची. मला बघूनच दम लागायचा.

रविवारी सकाळी शर्यतीआधी रायडर ट्रॅकवर पायी फेरी मारतात. सगळ्यांचे बाप बरोबर असतात. टाचेने माती दाबतात, हातवारे करतात, "इथे धर, इथे सोड" असं चाललेलं असतं. रसेल तर कोबीला इतक्या मोठ्याने सांगतो की बाकीच्या पोरांना फुकट शिकवणी. ब्रिन एकटी चालायची. फेरी संपली की टँकरपाशी जायची.

"बाबा, कसा आहे ट्रॅक?"

"बघितलास ना आत्ता."

"तिसऱ्या वळणावर किती मारलंस?"

"ट्रॅकवाल्याने रायडरला सांगायचं नसतं."

असा कुठलाही नियम आमच्या क्लबात नाही. माझ्या वडिलांनी तर येईल त्याला पकडून सांगितलं, नको म्हणणाऱ्यालाही सांगितलं. हा नियम ग्रेमने एप्रिलमध्ये स्वतःच काढला, स्वतःपुरता आणि तिच्यापुरता. तिची शर्यत लागली की तो टँकरमध्ये चढून काचा वर करायचा आणि रेडिओवर फुटबॉल ऐकत बसायचा. बघायचाही नाही.

जुलैत दोन रविवार आदल्या रात्रीपासून पाऊस लागला. वरूनच पाणी मारलं गेलं, तिथे ग्रेमचं काय चालणार? एका रविवारी ब्रिन पहिली, एका रविवारी दुसरी. त्या जोरावर तिची गुणांची गाडी कशीबशी रुळावर राहिली. पण मला काळजी तिच्या गुणांची नव्हती. पहिली आली त्या दिवशी ती बक्षिसाची ढाल घेऊन टँकरकडे धावली. ग्रेमने काच थोडीशी खाली केली, "छान," म्हणाला, आणि काच वर केली. ती तिथे ढाल घेऊन उभी. मला त्या माणसाच्या डोक्यात झारा घालावासा वाटला.

ऑगस्टमध्ये एकदा ती खोक्यावर बसली आणि म्हणाली, "आत्या, पुढच्या सीझनला मी टॅलबीकडून खेळणार. आईकडे राहीन."

"का गं?"

"तिथला ट्रॅकवाला मला ओळखत नाही."

मी झारा खाली ठेवला. "तुला कळलंय तर."

"मी काय आंधळी आहे? दर वेळी त्या कुंपणाशी जाऊन पडते मी."

"मग बोल की त्याला."

"काय बोलू? माझ्या बाजूला पाणी मार म्हणू? म्हणजे रसेलकाका म्हणाला तेच खरं झालं." तिने एक चिप उचलली, परत ठेवली. "आणि मला पाणी नकोच आहे, आत्या. कोरड्यावरही शिकेन मी. त्याने नुसतं सांगावं. कोबीचा बाबा सांगतो. सगळ्यांचे सांगतात. माझ्याशी तो असा वागतो जसं काही मी त्याचं काही चोरणार आहे."

मी जवळ घेतलं तर कोपराने ढकललं मला, मग स्वतःच येऊन टेकली.

"तू त्याला सांगायचं नाहीस," ती म्हणाली. "सीझन संपला की मी सांगेन."

मी शब्द दिला. माझ्यासारख्या बाईला दोन महिने तोंड बंद ठेवायला लावणं म्हणजे शिक्षाच. ग्रेम चहाला आला की मी जीभ चावून बसायची. तो म्हणायचा, "बेव, बरं नाही का तुला?"

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार आला तो वाळवंटावरून येणारा उत्तरेचा गरम वारा घेऊन. सकाळपासूनच तोंड कोरडं पडत होतं. राज्य स्पर्धेला आमच्या क्लबातून तिघं जाणार होते. दोन नावं पक्की झाली होती. तिसरं कोबी नाहीतर ब्रिन; दुपारच्या अंतिम शर्यतीत दोघांत जो पुढे, तो जाणार. पण माझा जीव टांगणीला होता तो त्याहून वेगळ्या कारणाने. ब्रिनची भरलेली बॅग तिच्या चारचाकीत मी सकाळीच पाहिली होती. शर्यत झाली की ती बापाला सांगणार आणि तशीच टॅलबीला निघणार.

ग्रेमचा नळ त्याही दिवशी कुंपणापाशी बंद. वर तो वारा. दुसऱ्या शर्यतीपर्यंत बाहेरच्या बाजूने धुळीची भिंत उभी राहायला लागली. जेवणाच्या सुट्टीआधीच्या शर्यतीत कोबी त्या धुळीत शिरला, त्याला पुढचं काही दिसलं नाही, आणि तो माझ्या खिडकीसमोर कुंपणात जाऊन आदळला. मी किंचाळलेच. सुदैवाने पोरगं आपल्या पायावर उठलं, गाडीला लाथ घातली आणि शिव्या देत निघून गेलं.

ग्रेम तेव्हा कँटीनच्या मागच्या दारात चहा पीत उभा होता. रसेल तिथे तरातरा आला.

"ग्रेम, हा काय ट्रॅक आहे? माझं पोरगं मेलं असतं आज. बाहेर थेंब नाही पाण्याचा. अख्खा सीझन बघतोय मी."

"बाहेर मारलं तर फायदा कुणाचा होईल?" ग्रेम म्हणाला.

"फायदा? कुणाचा म्हणजे?"

मला राहवेना. "रसेल, एप्रिलमध्ये माझ्या खिडकीशी काय म्हणाला होतास ते आठव."

"काय म्हणालो होतो?"

"बापाच्या हातात टँकर म्हणून पोरगी नंबरात आली. कुंपणाकडे प्रेमाने शिंपडलंय."

रसेलने डोकं खाजवलं. नाटक नव्हतं हो ते, मी त्याला चड्डीत असल्यापासून ओळखते. त्याला खरंच काही आठवत नव्हतं.

"म्हणालो असेन," तो म्हणाला. "मी काय, तोंडाला येईल ते बोलतो. तुझ्या चिप्स वातड आहेत असं दर रविवारी म्हणतो, म्हणून तू तळायच्या थांबवल्यास का?" मग ग्रेमकडे वळला. "तेवढ्यावरून तू... अरे, वेडा की काय तू?" आणि मान हलवत कोबीकडे गेला.

ग्रेम कपात बघत राहिला. चहा केव्हाच संपला होता.

आता माझं तोंड काही माझ्या हातात राहिलं नाही. "ब्रिन जातेय," मी म्हटलं. "टॅलबीला, ट्रेसीकडे. आज शर्यत संपली की. बॅग भरलीय तिने."

"स्पर्धेसाठी?"

"राहायला. तिथला ट्रॅकवाला तिला ओळखत नाही, म्हणून."

त्याने कप खिडकीच्या कडेला ठेवला. तो नीट बसला नाही, पुन्हा ठेवला. "लोकांनी तिला नावं ठेवू नयेत म्हणून करत होतो मी, बेव. तिचं नाव राहावं म्हणून."

"तिचं नाही, तुझं. लोकांनी तुला नावं ठेवू नयेत म्हणून. मला आउट दिलंस ना, तसंच."

"तू आउट होतीस."

"ग्रेम."

वाऱ्याने मागचं दार आपटलं. त्याने ते हाताने धरून ठेवलं. 

"बॅटला लागला होता चेंडू," तो म्हणाला. "मला ऐकू आला होता."

इतक्या वर्षांनी! किती वेळा ठरवलं होतं, हा कबूल झाला की त्याला असं सुनावीन, तसं सुनावीन. आणि त्या क्षणी रडायलाच आलं मला. चिप्स करपल्या त्या कचऱ्यात गेल्या.

तो टँकरकडे गेला. तलावावर जाऊन टँकर भरून आणला आणि आतून सुरुवात केली. आतली बाजू, मधली बाजू, आणि मग कुंपणाची, नळ पूर्ण सोडून. दोनदा फिरवला. मग एकट्या चौथ्या वळणावर तिसऱ्यांदा आला, कुंपणाजवळून, अगदी सावकाश. माझ्या खिडकीसमोर थांबला, खाली उतरला, टाचेने माती दाबून बघितली आणि चेहरा पाडून माझ्याकडे आला.

"चौथ्याला जास्त झालं."

"मग तिला जाऊन सांग."

"तिला एकटीला कसं सांगू? बाकीचेही खेळतायत."

"मग सगळ्यांना सांग. भोंगे कशाला लावलेत एवढे?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं जसं मी त्याला कपडे काढून नाचायला सांगितलं. हा माणूस, सांगते, नाताळच्या जेवणाला ग्लास वर करून दोन शब्द बोलत नाही. माइक फ्रँककडे असतो, तो शर्यतींचं वर्णन करतो, तेही पंचांच्या वरच्या लाकडी खोलीतून. ग्रेम खोलीच्या पायऱ्यांपर्यंत गेला. परत आला. पुन्हा गेला. मी खिडकीतून म्हटलं, "जातोस का मी येऊ?" तेव्हा चढला.

भोंगे आधी नुसतेच कुईं करून ओरडले. मग त्याचा आवाज आला.

"मी ग्रेम. ट्रॅकवाला." मग इतका वेळ काही नाही की लोक मान वर करून भोंग्यांकडे बघायला लागले. "अंतिम शर्यतीसाठी पाणी मारलंय. आत दोनदा, बाहेर दोनदा. दुसऱ्या वळणावर आतून निसरडं आहे, दोन फेऱ्यांनी बरं होईल. तिसऱ्याला कुठूनही चालेल. चौथ्याला कुंपणाजवळ..." वारा माइकात घुसला. "चौथ्याला कुंपणाजवळ पाणी जास्त झालंय. सांभाळा. चूक माझी आहे. हे सगळं मी एप्रिलपासूनच सांगायला हवं होतं."

मागच्या दारातून मला ब्रिन दिसत होती. आपल्या गाडीशेजारी खोक्यावर बसलेली, एक बूट घातलेला, दुसरा हातात. तिचा गुडघा हलायचा थांबला होता. ती भोंग्याकडे बघत होती, आणि भोंगा बंद झाल्यावरही बघत राहिली. मग तिने दुसरा बूट घातला आणि लोखंडी पट्टी बांधली.

शर्यत सुटली. सगळ्यांनी ऐकलं होतं, त्यामुळे चौथं वळण आलं की सगळे आत दबले, एकमेकांना खेटून. कोबी तिसरा, ब्रिन पाचवी. पहिल्या फेरीत ब्रिनही आतच राहिली. दुसऱ्या फेरीत माझ्या खिडकीसमोर आली ती बाहेर कुंपणाला. मी तोंडावर हात दाबला. बापाने एवढं ओरडून सांगितलं, आणि ही कार्टी नेमकी तिथेच! गाडी आडवी झाली, मागचं चाक त्या चिखलात शिरलं, आणि मला वाटलं, संपलं. पण चाकाने माती अशी धरली की गाडी कुणी मागून ढकलल्यासारखी पुढे सुटली. चौथी.

टँकर नेहमीच्या जागी उभा होता. पण ग्रेम आत नव्हता. तो पंचांच्या खोलीच्या पायरीवर उभा होता, दोन्ही हातांनी कठडा धरून, आणि बघत होता.

पुढच्या फेऱ्यांत ती दर वेळी कोबीला चौथ्या वळणावर गाठायची आणि कोबी पुढच्या वळणावर आतून निसटायचा. रसेल कुंपणाबाहेरून धावत होता, "बाहेर बघ, बाहेर बघ," करत. शेवटच्या फेरीत दोघं बरोबर आली. कोबी आत, ब्रिन बाहेर, कुंपणापासून हातभर. माझ्या खिडकीवर सपकन काहीतरी येऊन आदळलं. धूळ नव्हती. चिखल होता, ओला गच्च, काउंटरवर, सॉसच्या बाटल्यांवर, माझ्या कपाळावर. मी तो पुसून बघेपर्यंत शर्यत संपली होती आणि ब्रिन कोबीच्या एक चाक पुढे तिसरी आली होती.

मी एप्रन न काढताच धावले. लोक जमले होते, ग्रेम खाली आला होता. आणि मधोमध उभं राहून रसेल म्हणत होता, "वा रे ग्रेम! सगळ्यांना भोंग्यावरून सांगितलंस तिकडे जाऊ नका, आणि तुझी पोरगी बरोबर तिकडूनच गेली. हे बरंय!"

सगळे ग्रेमकडे बघायला लागले. आता पुन्हा एप्रिल, पुन्हा तो बंद नळ. ग्रेमचे कान लाल झाले.

ब्रिन गाडी ढकलत आली. नाकापासून गुडघ्यापर्यंत नुसता चिखल.

"रसेलकाका, कोबीने ऐकलं तेच मीही ऐकलं," ती म्हणाली.

"मग गेलीस कशी?"

"बाबा जास्त झालं म्हणतो ना, तेव्हा ते पुरेसं असतं. एखाद्या रविवारी आमच्याकडे जेवायला या. ग्रेव्ही वाढेल तो तुम्हाला. नाही, तुम्हाला भरपूर वाढेल. माझ्या बशीत बघा."

आधी कोबी हसला. मग रसेललाही हसू आलं. तासाभराने तो हे सगळं विसरणार होता, आणि पुढच्या वेळी नवीन काहीतरी बोलणार होता.

ग्रेम हसला नाही. तो ब्रिनसमोर येऊन उभा राहिला, सगळ्यांच्या देखत, आणि त्याने विचारलं, "कसा होता ट्रॅक?"

अख्खा सीझन ती हे त्याला विचारत होती. तिने हेल्मेट काढलं, उत्तर द्यायला जरा वेळ लावला.

"तिसरं मस्त होतं," ती म्हणाली. "दुसऱ्याला आत फार मारलंस. पुढच्या सीझनला तिथे एकदाच मार."

पुढच्या सीझनला. मी ग्रेमकडे पाहिलं. त्यालाही ऐकू आलं होतं. तिच्या चारचाकीत ती बॅग असणार हे त्याला ठाऊक होतं, आणि तिकडे बघायचं नाही असं ठरवूनही तो तिकडेच बघत होता.

"आणि चौथ्याला?" त्याने विचारलं.

"चौथ्याला अजून थोडं चालेल."

त्याने मान हलवली. एकदा, मग आणखी एकदा. मग माझ्याकडे वळला.

"बेव, हिला चिप्स दे," तो म्हणाला. "जास्त दे."